मेसाबाच्या चढावर दमणाऱ्या गाडीविषयी

डुलुथ, मिनेसोटा
१६ जून

आदरणीय मेव्हणे श्री. रूडी कोस्केला यांस,

सविनय नमस्कार. आपण, आपला डावा गुडघा आणि आपली होडी हे तिघेही सुखरूप असतील असे धरून चालतो. (आपल्या भगिनी अर्लीन दर शनिवारी आपल्या सौन्यात, त्या लाकडी वाफघरात, वाफ घेऊन परतल्या की आपली खुशाली सविस्तर सांगतात. मी विचारत नाही, तरी सांगतात.) इकडे मीही स्वच्छ आहे, घरच्या नळाखाली जितके होता येते तितका.

ईस्टरच्या जेवणात, हॅमचा दुसरा काप वाढला जाण्यापूर्वी, मी सोळा माणसांसमक्ष उभे राहून केलेले विधान आपल्या स्मरणात असेलच: गेल्या नोव्हेंबरात आपण मला विकलेली टर्बो गाडी मुळातच दमेकरी होती आणि हे ठाऊक असूनही आपण ती माझ्या गळ्यात मारली. त्यावर आपण मोहरीचा चमचा न थांबवता म्हणालात, “ऑर्विल, हे शब्द मागे घेईपर्यंत माझ्या सौन्याची पायरी चढायची नाही.” त्याला आठ शनिवार झाले. येत्या शनिवारी आपल्याकडे मिडसमरचा, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाचा, जाळ पेटेल. सत्तावीस वर्षांत मी तो एकदाही चुकवलेला नाही, हे केवळ माहितीसाठी.

माझे विधान बिनबुडाचे नव्हते. वाणिज्य शाखेचा पदवीधर पुराव्याशिवाय ताटावरून उठत नाही. मी त्रेचाळीस फेऱ्यांची नोंद ठेवली होती: तारीख, हवामान, चढाची लांबी आणि गाडीतील एकूण वजन. (अर्लीन यांनी स्वतःचे वजन सांगण्यास नकार दिल्यामुळे मला अंदाज करावा लागला, तो अंदाज त्यांनी वहीत वाचला, तो विषय येथे नको.) नोंदींवरून असे दिसे की तलावाकाठच्या गारठ्यात गाडी हरणासारखी पळते, परंतु ऊन असलेल्या दिवशी मेसाबा अव्हेन्यूचा चढ अर्धा होताच तिच्यातले त्राण जाते. पाय पूर्ण दाबला तरी ती विचारात पडल्यासारखी चालते. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आमचे पाद्री विजेच्या सायकलवरून आम्हांस मागे टाकून गेले आणि जाताना त्यांनी हात उंचावून आशीर्वादही दिला. या सर्वांवरून मी निष्कर्ष काढला की दोष टर्बोत, म्हणजे गाडीत, म्हणजे आपल्यात आहे.

गाडी मी वांडाच्या गॅरेजात नेली. (आपण तिला ओळखता, वयाच्या पासष्टीतही तिच्या तोंडाला ब्रेक नाही.) तिने संगणक जोडला, त्यात दोषाची एकही नोंद नव्हती. टर्बोची हवा कोठे गळते का, हे पाहण्यासाठी तिने पाइपांत धूर सोडला; धूर कोठूनही बाहेर आला नाही. हवेची गाळणी नवी कोरी निघाली. तलावाकाठच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणल्यावर तिने निर्वाळा दिला, “गाडी तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे, आणि कुरकुरही कमी करते.” मी वही पुढे केली. तिने दोन पाने वाचली आणि अर्लीनचे वजन मी घरी जिवंत राहून कसे लिहिले, एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. मी तिला शेजारी बसवून मेसाबा चढलो. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली तेव्हा वांडा संगणकावरचा आकडा पाहत होती. बाहेर पंचाहत्तर अंश फॅरनहाइट आणि इंजिनात शिरणारी हवा एकशे सत्तर. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. ती थंड करण्यासाठी गाडीच्या तोंडाशी इंटरकूलरची जाळी असते. हवा थंड झाली नाही तर इंजिन स्वतःला जपण्यासाठी जोर काढून घेते. हे तिने मला समजावले, आणि माथ्यावर गाडी थांबवून ती पुढच्या बंपरासमोर गुडघे टेकून बसली. मग बराच वेळ हसली.

तात्पर्य, एका बाह्य अडथळ्यामुळे इंटरकूलरला वारा लागत नव्हता. तो अडथळा दूर करण्यात आला असून गाडी आता मेसाबा तिसऱ्या गिअरातही हसत चढते. प्रकरण मिटले असे मी समजतो.

आपला विश्वासू,
ऑर्विल हाकाला

ता. क. अडथळ्याचे स्वरूप आपण विचारालच. तो पुठ्ठा होता. गाडी देताना आपण सांगितले होते की थंडीत पुढे पुठ्ठा लाव, इंजिन लवकर तापेल, आणि बर्फ गेले की काढून टाक. पहिल्या अर्ध्या सूचनेचे मी काटेकोर पालन केले. पट्टीने मोजून कापला, जाळीमागे घट्ट बसवला आणि वाईट दिसू नये म्हणून काळा रंगवला. वांडाला तो पहिल्या दिवशी कारखान्यातलाच भाग वाटला. याला मी प्रशस्ती मानतो.

ता. क. २. काढण्याची तारीख मी विसरलो, असे कृपया समजू नये. ती पुठ्ठ्यावरच ठळक अक्षरांत लिहिली होती: “३१ मार्च रोजी काढणे. विसरू नये.” खाली माझी सही. मात्र दर्शनी बाजू काळी रंगवलेली असल्याने मजकूर मागच्या बाजूला घ्यावा लागला, जेथून तो केवळ इंजिनाला वाचता येत होता.

ता. क. ३. ईस्टरचे शब्द मी मागे घेतो. सर्व. त्या सोळा माणसांसमक्ष शनिवारी उभा राहून पुन्हा घेईन, आपण दार उघडलेत तर. एक विनंती आहे. वांडाने तो पुठ्ठा गॅरेजच्या भिंतीवर टांगला आहे, लिहिलेली बाजू पुढे, आणि आपल्याशिवाय कोणाच्याही हाती देणार नाही म्हणते. आपण शनिवारपूर्वी तो घेऊन यावा आणि सौन्याची चूल त्यानेच पेटवावी. मजकूर आतल्या बाजूला ठेवावा, म्हणजे तो फक्त आगीला वाचता येईल.