गुऱ्हाळाच्या भिंतीवरचा केशरी बाण

पिंपळमाळ, ता. कळवण
दि. २४ मार्च २०२५

चि. हर्षालीस आजीचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू रडतेस आणि मी होकार देऊन बसते, म्हणून शेजारच्या जहिदाला समोर बसवून लिहून घेतेय. तिची अंगणवाडी सुटली की ती माझ्या तावडीत सापडते.

तू नोकरी सोडलीस आणि शहरातल्या लोकांना आपल्या माळावर फिरवणार, इथवर मला कळलं. नवरा-नवरीचे खडक, झिरा, मोटेची विहीर, दगडी गोठा आणि शेवटी आपलं गुऱ्हाळ. याला तू 'सोपी वाट' असं नाव ठेवलंस म्हणे. सोपीच आहे गं. माझ्या डोक्यावर उसाची मोळी असायची, म्हणून मला कधी कळलं नाही.

आता मुद्दा. तुझा बाप गुऱ्हाळ पाडून त्याच दगडांत कांदाचाळीचं जोतं बांधतोय. गेल्या साली निम्मा कांदा पडवीत सडला, त्याचा वास अजून नाकातून गेलेला नाही. जागा माझ्या नावावर, म्हणून महेश विचारायला आला आणि मी हो म्हटलं. तुला ते गुऱ्हाळघर सुंदर दिसतं. मला तिथं माझी कंबर दिसते. तुझे आजोबा गुळाची चव घेत हिंडायचे आणि मी चुलवाणाच्या जाळात उसाचं चिपाड सारत बसायची.

लोकांपुढे उभं राहून जुन्या गोष्टी सांग म्हणतेस, तेही जमायचं नाही. थकले मी. गुडघे बोलतात तेवढं पुरे.

जहिदा म्हणते, पोरीला इतकं तोडून लिहू नका. मी म्हटलं, तू लिही, राग माझ्यावरच निघेल. हे पत्र तिच्या जमीलच्या भाजीच्या टेम्पोतून येतंय.

लोभ आहेच, उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.
तुझी आजी चंद्रभागा (अंगठा)


द्वारका, नाशिक
दि. २८ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

जमीलकाकांनी भर चौकात टेम्पो थांबवून पत्र दिलं. मी तिथंच वाचत उभी राहिले. मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते लिहीत नाही.

आजी, तेरा एप्रिलच्या रविवारी माझी पहिली फेरी आहे. नाव नोंदवताना प्रत्येकानं एकच विचारलं, गुऱ्हाळ बघायला मिळेल ना? खडक सगळीकडे असतात गं. ही फेरी फसली तर आई मला परत ऑफिसात बसवणार. तू बाबांना एकदा थांब म्हण, चाळ दुसरीकडेही होईल. नाहीतर वाट गोठ्यापाशीच संपेल आणि तिच्याबरोबर मीही.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
हर्षाली


पिंपळमाळ
दि. २ एप्रिल

चि. हर्षालीस गुडघ्यांसकट आशीर्वाद. वि. वि.

संपू नकोस, आधी ऐक. परवा गोटीराम गवंडी माणसं घेऊन गुऱ्हाळ पाडायला गेला आणि तसाच परत आला.

तू मागे येऊन वाट दाखवायला बाण रंगवून गेलीस ना? द्वारकेच्या दुकानात दुसरा रंग नव्हता का गं, केशरीच घेतलास? बाण ओघळले आणि राहिले नुसते शेंदरी गोळे. खडकावरच्या गोळ्याला माझ्या बरोबरीच्या भागुबाईनं हळदकुंकू वाहिलं. झिऱ्यावर नारळ फुटला. गुऱ्हाळाच्या भिंतीला तर रुईच्या पानांची माळ आहे. गोटीराम म्हणतो, शेंदूर लागलेल्या दगडाला पहार लावणार नाही, माझी लेकरं लहान आहेत. भागुबाई म्हणते, देव इतकी वर्षं आतच होता, आता बाहेर आला. मी म्हटलं, आत होता तर चिपाड सारायला हात का नाही लावला?

तू आलीस तेव्हा महेश कांदा घेऊन येवल्याला गेला होता. त्यामुळे हा डब्यातला रंग आहे हे फक्त मला आणि जहिदाला ठाऊक. महेश कपाळाला हात लावून बसलाय, कांदा शेतात उघड्यावर आहे. जहिदा लिहिता लिहिता हसतेय. मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुझं काय म्हणणं ते कळव.

ममता असू दे, आणि पुढच्या वेळी हिरवा रंग आण.
आजी (अंगठा)


द्वारका, नाशिक
दि. ५ एप्रिल

ती. आजीस हसून हसून दमलेल्या नातीचा नमस्कार. वि. वि.

सांगू नकोस. कोणालाही सांगू नकोस. रविवार होईपर्यंत देव राहू दे, मग मीच येऊन बाबांना खरं सांगेन, शपथ. खोटं कुणी बोललेलंच नाही, लोकांनी आपणहून मानलं. कांदा आठ दिवस ताडपत्रीखाली राहील, त्याला काय होतंय. तुला काही करायचंच नाही, आजी. थकले म्हणतेस ना? मग नुसती बसून राहा.

एवढं माझं ऐक, जन्मभर तुझं ऐकेन.
हर्षाली


पिंपळमाळ
दि. ९ एप्रिल

चि. हर्षालीस आशीर्वाद. वि. वि.

बसूनच राहणार होते, लय बरं वाटलं असतं. पण भागुबाई रोज उन्हात अनवाणी, पाण्याचा तांब्या घेऊन वर जाते. तिच्या लेकाची, अमितची दारू सुटत नाही, तुला ठाऊक आहे. काल माझ्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, चंद्रे, बाकीच्या देवांकडे गर्दी फार गं. हा नवा आहे, माझं ऐकेल.

मग काय बसणार?

आज सकाळी जहिदाच्या खांद्याला धरून तुझी सोपी वाट चढले. तिच्या हातात रॉकेलची बाटली. खडकापाशी बसले, झिऱ्यापाशी बसले, गोठ्यापाशी तर उठवेना. वर महेश गोटीरामची मनधरणी करत होता, भागुबाई हात जोडून उभी होती. मी सांगून टाकलं, हा रंग माझ्या नातीनं वाट दाखवायला लावलाय. महेशनं एकदा माझ्याकडे बघितलं. तुझ्यासाठी त्यानं बरंच राखून ठेवलंय, ते तो स्वतः देईल. मग माळ बाजूला ठेवली आणि चिंधीनं पुसायला लागले. निम्मा रंग निघाला, निम्मा भिंतीत राहिला. तरी गोटीराम पुढे येईना. म्हणाला, आजी, पहिला दगड मालकिणीनं काढायचा, मग आमच्यावर काही नाही.

काढला. त्या घराचा एक तरी दगड आपल्या हातानं पाडावा अशी माझी फार दिवसांची हौस. वाटलं होतं, हलकं वाटेल. काही वाटलं नाही. मनगट तेवढं दुखलं.

भागुबाई पुढे आली. आता शिव्या देईल म्हणून मी मान खाली घालून उभी. हातांना रॉकेलचा वास मारत होता. तिनं देवासाठी आणलेला तांब्या माझ्या हातांवर ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत ओतला, आणि रिकामा तांब्या घेऊन एकटीच खाली उतरली.

तर संध्याकाळपर्यंत गुऱ्हाळ गेलं. तिथं आता चुलवाणाचा काळा खड्डा आहे आणि मी आहे. रविवारी येते. सांगायचं ते बसून सांगेन, गोड करून सांगणार नाही, आणि फोटो काढायचा तर आधी विचारायचं. येताना हातवाल्या खुर्च्या आण. दोन आण. भागुबाईला मी अजून विचारलेलं नाही. तिच्या दारात तू जा. रंग तुझा होता.

राग धर हवा तर, लोभ सोडू नकोस.
तुझी आजी चंद्रभागा (अंगठा)