पाण्यात उतरायचे बूट

बाबा, काल चंद्रपूरला जाऊन मी पाण्यात उतरायचे बूट घेतले. दुकानदारानं दोन जोड पुढ्यात ठेवले, एकाच्या तळाला दाबलेल्या लोकरीचं फेल्ट, दुसऱ्याच्या तळाला खाचांचं जाड रबर, आणि विचारलं, "बाई, तुमचे साहेब कुठी जाते मासे धरायले?" मी म्हटलं, "साहेब नाई भाऊ, मीच जाते. वैनगंगेवर." त्यानं रबराचा जोड माझ्याकडे सरकवला. मी मात्र पहिल्या जोडाच्या फेल्टवर अंगठा दाबत बसून राहिले.

असं फेल्ट तुम्ही कारखान्यातून आणायचात. कागदाच्या मशीनवरून उतरवलेलं, झिजलेलं, तरी घोंगडीसारखं जाड. आई त्याची बसकरं करायची. तुम्ही त्यातून तळवे कापून कॅनव्हासच्या बुटांना चिकटवायचात आणि कडेनं दाभणानं शिवायचात. रविवारची सकाळ आहे, वर्धा नदीत तुमच्या मागोमाग मी प्लास्टिकच्या चपला घालून उतरते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय पडताच आडवी होते. तुम्ही हातातला गळ टाकून माझी वेणी धरता. "पायात काय घातलंस वं? न्हाणीघर हाय का हे?" पुढच्या रविवारी उठते तर उशाशी माझ्या मापाचे बूट, तळाला पांढरं फेल्ट. "घाल अन् चाल आता," तुम्ही म्हणता, "दगडाले धरून ठेवते हे."

पुढे तुम्हाला साखरेचा आजार जडला. एकदा पाण्यातून बाहेर येताना म्हणालात, "दगड लागूनच नाई राह्यला पायाले." मला वाटलं, नवं फेल्ट जाड असेल. घरी बूट काढला तर मोजा लाल झालेला. शिंपल्याचा तुकडा बुटात शिरून सकाळभर रुतत होता आणि तुम्हाला कळलंच नव्हतं. जखम भरली नाही. आधी अंगठा गेला, मग घोट्यावरून पाय. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही बूट मागितले, मांडीवर घेऊन बसलात. आई म्हणाली, "देऊन टाकू का कोणाले?" तुम्ही म्हणालात, "एकच बूट कोणाले देशीन वं? दुसरा तर मलेच लागते." आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तो पावसाळा तुम्ही पूर्ण पाहिला नाहीत.

त्यानंतर मी नदीत पाय घातला नाही. लग्न झालं, गडचिरोलीला नोकरी, मुलगी. यंदा ती शिकायला बाहेर गेली आणि रविवारी घर खायला उठलं.

मी रबराचेच बूट घेतले, बाबा. मनातल्या मनात तुमच्याशी भांडून घेतले. तुमच्या नदीत खडक होते, माझ्या काठाला गाळ आहे. फेल्ट गाळानं भरतं, पाय उचलवत नाही. जाड मोजे मावावेत म्हणून एक माप मोठे घेतले. आज सकाळी गळ घेऊन पाण्यात उतरले. प्रवाह पोटऱ्यांना ढकलत होता, तरी पाय हलले नाहीत. जवळून डोंग्यात जाळं घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरानं विचारलं, "बाई, लागलं का काई?"

"नाई भाऊ, अजून नाई."

खरं सांगू? गळाला मी आमिष लावलंच नव्हतं. मासा लागला की तुम्हीच काढायचात. त्याच्या तोंडातून काटा कसा सोडवायचा, ते मला येत नाही.