ओठांवरचं गाव

थॉर्नशॉ,
रविवार दुपार

प्रिय गेनर,

मंगळवारी तुझी आई आली ती कोट-टोपी न उतरवताच मोरीपाशी गेली आणि माझ्या धुतलेल्या कपबशा पुन्हा विसळायला लागली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. माझ्याकडे पाठ करूनच तिने सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, "शीला, इकडे तोंड कर आणि नीट सांग." तिला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. मग वळून, डोळे पुसत तिने पुन्हा सांगितलं. तुझ्या बाळाला, जोएलला, दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की पुढेही येणार नाही. आणि ईस्टरला आपल्या चॅपलमध्ये ठरलेलं त्याचं नामकरण तू रद्द केलंस. "ज्याला स्वतःचं नाव कधी ऐकू येणार नाही, त्याचं कसलं आलंय नामकरण," असं म्हणालीस म्हणे. शिवाय थॉर्नशॉच्या बायकांनी त्याच्याकडे बघून चुकचुकलेलं तुला सहन व्हायचं नाही. शीला तुला फोन लावून देत होती, पण माझं आणि फोनचं कधी जमलं नाही, ते तुला ठाऊक आहे. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं? म्हणून हे पत्र. ते नामकरण तू पुन्हा ठरवावंस, एवढंच मला हवंय, आणि त्यासाठी मी आज दुपारची झोप मोडून बसले आहे.

थॉर्नशॉच्या बायका चुकचुकतील म्हणतेस! अगं, कुठल्या बायकांबद्दल बोलते आहेस तू? ब्रिस्टलला जाऊन तू आपलं गाव पार विसरलीस की काय? मी चौदाव्या वर्षी खालच्या गिरणीत मागखात्यात उभी राहिले. त्या खात्यात इतके माग एकदम चालायचे की पायाखालची फरशी थरथरायची आणि शेजारची बाई बोंबलली तरी तिचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचायचा नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे सगळ्या बायका वेड्या आहेत. एकमेकींकडे बघून तोंडं वेडीवाकडी करतात, भुवया उडवतात, छातीवर बोटं आपटतात आणि मग खदाखदा हसतात. मला शिकवायला हेटीच्या हाताखाली दिलं होतं. ती माझ्याहून थोडी मोठी, लाल केसांची आणि तोंडाने भारी फटकळ. ती बोलायची तेव्हा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी दिसायची. मला एक अक्षर कळायचं नाही. घरी येऊन मी रडायची. मग एका दुपारी तुटलेलं सूत जोडून मान वर केली, तर पार पलीकडच्या रांगेतून हेटी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होती, आणि मला ते लख्ख दिसलं, "विनी, तुझा परकर लोंबतोय!" परकर सावरायचा सोडून मी आनंदाने टाळ्या पिटत सुटले. धोटा अडकला, माग दुरुस्त करणारा जॉबर धावत आला, आणि हेटीने पोट धरून हसून घेतलं.

आम्ही त्याला मीमॉ म्हणायचो. आवाज नाही, नुसते ओठ, आणि ओठ कमी पडले तर हात. दुसऱ्या गावांतही असं बोलायचे म्हणा, पण आमच्याइतकं लांबून वाचणारं कुणी नव्हतं, हे मी त्या गावांतल्या बायकांच्या तोंडावर सांगेन. आम्ही रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर बोलायचो, बसच्या बंद काचेतून बोलायचो, आणि चॅपलमध्ये प्रवचन चालू असताना, हात जोडून, भक्तिभावाने, पाळकाच्या बायकोच्या नव्या टोपीबद्दल बोलायचो. खाजगी काही असेल तर तोंडापुढे हात धरायचा, कारण उघड्या ओठांवरचं सगळं गाव वाचायचं. तुझे आजोबा जॉबर असून हे विसरले. मला मागणी घालायला त्यांना दुसरी जागा सापडली नाही. मागाचा पट्टा बसवता बसवता, हात तेलाने माखलेले, माझ्याकडे बघून म्हणाले, "विनी, लग्न करशील माझ्याशी?" मी तोंड उघडायच्या आत चारी बाजूंनी ओठ हलायला लागले. "हो म्हण!" "हो म्हण, येडे!" आणि हेटी म्हणाली, "आधी विचार, घरात पैसे किती देणार!" बिचारा विल्फ कानापर्यंत लाल झाला. मी तोंडापुढे हात धरून त्याला एकट्यालाच उत्तर दिलं. ते काय दिलं, हे हेटी अजून विचारते.

पण तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. हेटीला आठवा महिना लागला होता. तेव्हा नोकऱ्यांचे इतके वांधे होते की बाई पोट आवळून बांधायची, पण सुट्टी मागायची नाही. एका दुपारी तिचे पाय इतके सुजले की ती सुताची टोपली उपडी घालून तिच्यावर क्षणभर टेकली. नेमका तेव्हाच ऑर्मरॉड साहेब आला. खात्याच्या टोकाला जिना होता आणि वर त्याची काचेची खोली, तिथून तो आमच्यावर नजर ठेवायचा. त्याने हेटीला दाराकडे बोट दाखवलं. कोट घे आणि चालती हो. एवढं करून तो वळला आणि जिन्याकडे निघाला. आता बघ हं, सगळं खातं त्याच्या डोळ्यांदेखत बोलत होतं आणि त्याला काही कळत नव्हतं. साहेबलोकांनी मीमॉ शिकायची तसदी कधी घेतली नाही, त्यांना ते माकडचाळे वाटायचे. मी माझ्या शेजारणीला म्हटलं, तिने पुढच्या रांगेला, तिने त्याच्या पुढच्या. "हेटीला काढलं. तो वरच्या पायरीवर पोहोचला की बंद." त्याने वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि सगळ्यांनी माग थांबवायचे आपापले दांडे ओढले.

गेनर, ती शांतता मी कधीही विसरणार नाही. कामाच्या वेळी ते खातं गप्प झालेलं आमच्यापैकी कुणीच अनुभवलं नव्हतं. छपरात चिमण्या होत्या हे आम्हाला तेव्हा कळलं, इतकी वर्षं त्या बिचाऱ्या आमच्या डोक्यावर चिवचिवत होत्या. ऑर्मरॉड गर्रकन वळला आणि ओरडला, "कुणी सांगितलं? कोण बोललं?" आणि खरं सांगायचं तर कुणीच नव्हतं बोललं! कुणाच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता, मग शिक्षा कुणाला करणार? तो जिन्यावर उभा, आम्ही मागापाशी उभ्या, आणि मध्ये हेटी, एक हात कोटाच्या बाहीत घातलेला, रडता रडता हसत होती. शेवटी तोच खाली उतरला. हेटीचा कोट खुंटीवर परत गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बसायला एक स्टूल मिळालं. ते स्टूल तिने गिरणी बंद पडली तेव्हा उचलून घरी नेलं, आणि आता त्यावर तिची फुलझाडाची कुंडी असते. त्या दिवसाचा मला जितका अभिमान आहे तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचाही नाही. तुझ्या आईचा आहे, तुझा आहे, पण त्यानंतर.

गेल्या शरद ऋतूत वाचनालयातली ती मिस हॅलम आली होती, गावचा इतिहास गोळा करणारी. मुलगी गोड आहे, फक्त खाली मान घालून बोलते, त्यामुळे तिला मी सारखी हनुवटी वर करायला लावत होते. तिने टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि मला आणि हेटीला म्हणाली, "तुम्ही दोघी नेहमी गप्पा मारता तशाच मारा, मी इथे नाहीच असं समजा." आम्ही मनापासून तसंच केलं. आठवड्याने ती परत आली, चेहरा पडलेला. म्हणाली, "टेपवर गिरण्यांचे मालक आहेत, पगार आहेत, पावाचे भाव आहेत, पण मध्येमध्ये लांबच लांब काहीच नाही, नुसतं घड्याळ वाजतंय आणि तुम्ही हसताय. मशीन बिघडलं होतं का?" अगं, गावाचा खरा इतिहास त्या रिकाम्या जागांमध्येच होता! कुणाचं कुणाशी होतं, कुणाचं मूल कुणासारखं दिसायचं, ऑर्मरॉडच्या बायकोने त्याला का सोडलं, सगळं. आम्ही म्हटलं, "छे, हवापाण्याबद्दल बोलत होतो." बिचारीने लिहून घेतलं.

तर या त्या बायका. आता मोजक्याच उरल्या आहेत, कुणी काठी टेकत येते, कुणाला कवळी बसत नाही. गिरणी पाडली, तिथे दुकान झालं, मोठं, उजेडाचं, आणि सामान घेताना आम्ही अजूनही या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलतो. पोरं आम्हाला हसतात. हसू देत. या बायका तुझ्या मुलाकडे बघून चुकचुकतील असं तुला खरंच वाटतं?

तू लहान असताना शाळेतून थेट माझ्याकडे यायचीस. शीला कामावर असायची. मी तुला ओट्यावर, खिडकीच्या उजेडात बसवायची, तुझी हनुवटी दोन बोटांनी माझ्याकडे वळवायची आणि म्हणायची, "हं, आता सांग." आणि तू बाईंनी काय म्हटलं, कुणी तुझी वेणी ओढली, सगळं सांगायचीस. तुझ्या आईला तू एकदा रागाने म्हणालीस, "या घरात फक्त आजी माझं ऐकते." आठवतं? तुझ्या बापाला लग्नाआधी मी मिशी काढायला लावली, तेव्हा घरात केवढा गोंधळ झाला होता, तेही तू ऐकलं असशील. सगळे म्हणाले, विनीला जावयावर हुकूम गाजवायची हौस आहे. मी म्हणू दिलं. टीव्हीचा आवाज एकदा बंद पडला होता, तो दुरुस्त करायचं मला सुचलंच नाही, आणि तुम्ही सगळे मला विसरभोळी म्हणालात.

गेनर, इतक्या वर्षांच्या मागांनी माझे कान नेले. आधी चिमण्या गेल्या, मग किटलीची शिट्टी, मग बायकामुलांचे आवाज. तू जन्मलीस त्याच्या आधीच ते पुरते गेले होते. विल्फला ठाऊक होतं, हेटीला ठाऊक आहे. बाकी कुणी विचारलं नाही आणि मला कुणाची कीव नको होती. तुझ्या आईला उद्या सांगेन, तोंड माझ्याकडे करून उभी राहिली तर. तुझा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही गं. एकदाही ऐकलेला नाही. पण त्या खिडकीपाशी तू मला सांगितलेलं एकही वाक्य माझ्याकडून सुटलेलं नाही, आणि माझ्यासारखं ऐकणारं तुला त्या घरात दुसरं कुणी भेटलं नाही, हे तूच म्हणाली होतीस. जोएलचं माझ्यापेक्षा अवघड आहे, मला कळतं. माझ्याजवळ शब्द आधीपासून होते, त्याला ते शून्यातून मिळवावे लागतील. म्हणून डॉक्टर ती हातांची भाषा म्हणतात ना, ती त्याला शिकवच. मीही त्याच्याबरोबर शिकणार, माझी बोटं अजून डोळे मिटून सुताची गाठ मारतात. पण नामकरण इथेच होऊ दे. नावही तू किती छान निवडलंस! ओठ गोल होतात, मग पसरतात, मग जीभ वर जाते, पार शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल. हेटीशी बोलणं झालंय, ती कवळी घट्ट करून घेणार आहे. आम्ही सगळ्या पुढच्या बाकावर बसू, आणि पाळक पाणी शिंपडून नाव उच्चारतील तेव्हा आम्हीही सगळ्या मिळून म्हणू, आवाज न करता, मोठ्ठं. त्याला त्याचं नाव मिळेल, माझ्या नातीच्या पोराला ते दिसेल. तू फक्त त्याला पाठमोरा धरू नकोस, त्याचं तोंड आमच्याकडे कर.

तुझीच, तुला नीट ऐकणारी,
विनी आजी