झाकणाखालची वाटली डाळ

आई,

डबा भरून ओट्यावर ठेवलाय. पाच वाजता खाली अंगणात भोंडला आहे, पहिल्या दिवसाची खिरापत आपल्या घरची, आणि मी मघापासून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालतेय. तुम्ही गेल्यापासून खिरापत न्यायची माझी छातीच झाली नाही. दरवर्षी काहीतरी सबब. कधी पाय दुखतोय, कधी पाहुणे आलेत. यंदा खालच्या खोलीत भाड्यानं राहणारी जवानाची बायको दारात येऊन उभीच राहिली. "आंटी, पाटावर हत्ती मी काढला. सोंड जरा मोठी झाली. पण खिरापत तुमचीच पाहिजे." आता त्या पोरीला काय सांगू, की तुमच्या सुनेला डबा घेऊन त्या रिंगणात जायची भीती वाटते म्हणून?

लग्न होऊन देवळाली कॅम्पात आले तेव्हा तुम्हाला बघून धडकीच भरली होती मला. भाजी निवडताना तुमचं ओठातल्या ओठात काहीतरी चाललेलं असायचं. मला वाटायचं, मलाच बोल लावताय. मग कळलं, गाणं जुळवताय! गल्लीत फौजींच्या बायका, कुणी पंजाबची, कुणी केरळची, मराठीचा गंध नाही. तुम्ही वणीकडच्या, तुमची हिंदी ऐकून समोरच्याला घाम फुटायचा. तरी एकेकीला हाताला धरून रिंगणात ओढायचात आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर गाणं तयार. 'नळाला आलं पाणी गं, आलं आलं पाणी, बादलीआधी धावली ती सुभेदाराची राणी.' अर्थ कळल्यावर ती सुभेदारीण पोट धरून हसली होती. बदली झाली तेव्हा ते गाणं लिहून घेऊन गेली.

आणि मी? पहिल्याच वर्षी शहाणपणा केला. पंजाबची ती नवी मुलगी पहिल्यांदाच डबा घेऊन आलेली. डबा वाजवून बघायचा, गोड की तिखट विचारायचं, मग एकेकीनं ओळखायचं, अशी रीत. मला तुपात भाजलेल्या कणकेचा वास आला आणि मी जागेवरूनच ओरडले, "पंजिरी!" तिचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येताच तुम्ही मला धरलंत. "ओळखलंस ते ओळखलंस, पण लगेच बोलायचं नडलं होतं का? सकाळपासून खपलीय ती. तिला जरा मिरवू नाय द्यायचं? लय हुशार हायेस तू, पण असलं हुशारपण काय चाटायचंय?" मी दोन दिवस तुमच्याशी तुटक बोलले. पण तेव्हापासून हिंगाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला तरी मी लाडू म्हणायचे, चकली म्हणायचे, आणि शेवटी सगळ्यांबरोबर "हरलो बाई!"

मग ते शेवटचं वर्ष. तुम्हाला काही म्हणजे काही आठवेनासं झालं होतं. आपली पाळी पहिल्याच दिवशी होऊन गेली, हेही तुमच्या लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटली डाळ केलीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्यांची पाळी असायची त्या बायका आपापले डबे गुपचूप परत घरी ठेवून यायच्या. आणि रोज नव्यानं तोच खेळ, चिवडा का हो, करंज्या का हो. तुम्ही रोज खूश.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. सकाळपासून तुमच्या मागे मागे फिरून गॅस बंद आहे का, नळ बंद आहे का, हेच बघत होते. रिंगणात तुम्ही डबा पुढे केलात, "ओळखा!" आणि मी म्हणाले, "आई, वाटली डाळ! रोज तीच तर असते!" तुम्ही पदरानं झाकण पुसलंत. "ओळखलं गं बाई हिनं," एवढंच म्हणालात आणि डबा तसाच उचलून घरी आलात. त्यानंतर तुम्ही खाली उतरलाच नाहीत. पुढचं नवरात्र तुम्हाला दिसलं नाही.

वीस परक्या बायकांना न बोलता राहवलं, आणि मला नाही राहवलं. लाज वाटते हो आई. आजही डाळ वाटायला घेतली तर हात चालेना, जाडसरच राहिली. चारदा झाकण उघडून बघितलं. नेऊ नये असंच वाटतंय. दुकानातून पेढे आणले की काम झालं, कोण विचारतंय?

खालून हाक आली. जवानाची बायकोच. "आंटी, चला ना! हिंगाचा वास इथपर्यंत येतोय, मला कळलं, वाटली..." आणि शेजारच्या म्हातारीनं तिला दटावलं, "ए, बोलायचं नसतं गं!"

जाते मी. हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते, दुसरं काय करणार त्याचं. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही डबा इथे ठेवून आत जाऊन पडलात ना, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून ती सगळी डाळ खाल्ली. बोटांनी डबा निपटून. फार छान झाली होती, आई. तेवढंसुद्धा मी तुम्हाला सांगितलं नाही.