‘उद्या तरी ये’ कोणासाठी होतं

मी, कासिल्दा रेहोन, वय वर्षे शहात्तर, कै. लादिस्लाओ कामारा यांची विधवा, धंदा शिवणकाम, राहणार सान्तियागो मोहल्ला, मेरिदा, युकातान, हे लिहून ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे गेले आहेत, पण डोकं जागेवर आहे आणि कोण माझ्याशी कसं वागलं ते सगळं त्यात नीट घडी घालून ठेवलेलं आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलून फसवलेलंही नाही. गोड बोलणारे सगळे माझ्याआधीच गेले. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. शिवणयंत्र, तिन्ही कात्र्या आणि ग्वायाबेरा सदऱ्यांच्या चुण्या घालायचा लाकडी पाट फिदेलिया कानुल हिला द्यावा. तीस वर्षं ती माझ्या हाताखाली आहे. तिची काजं अजून वाकडी येतात, हे मी तिला रोज सांगत आले. आता लेखीही असावं.

कलम २. धाकटे दीर आउदोमारो यांनी लादिस्लाओच्या दफनाच्या वेळी चारचौघांत म्हटलं, “वहिनींचे डोळे बघा, कोरडे ठणठणीत!” त्यांना त्यांच्या भावाची कवळी द्यावी. पेल्यासकट.

कलम ३. लादिस्लाओची गिटार संग्रहालयाने मागितली आहे, ती द्यावी. आतून वाळवी लागली आहे. ते सांगू नये.

कलम ४. आता गाण्याविषयी. लादिस्लाओचं ‘उद्या तरी ये’ माहीत नाही असं घर इथपासून पार खाली चिलीपर्यंत नसेल. लग्नात वाजतं, मयताला वाजतं, दाताच्या डॉक्टरकडे बसलं तर तिथेही वाजतं. अठ्ठेचाळीस वर्षं लोक माझे हात हातात घेऊन विचारतात, “बाई, हे तुमच्यासाठीच लिहिलं ना हो त्यांनी?” मी मान खाली घालून लाजते. शहात्तराव्या वर्षीही लाजते. सवय आहे.

माझ्यासाठी लिहिलेलं नाही. ज्या बाईची वाट बघून माणूस झुरतो, ती बाई रोज त्याला जेवायला वाढत नसते, एवढं कोणाच्या लक्षात कसं येत नाही, देव जाणे.

एकोणीसशे एकोणपन्नास साली आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आई वारली, म्हणून माझी बहीण अम्पारो आमच्याकडे राहायला आली. वय बावीस. ती दिसायला कशी होती ते लिहीत नाही, गाण्यात आहे. लादिस्लाओच्या सदऱ्यांना इस्त्री तीच करायची. एका मंगळवारी ती मी करायला घेतली आणि खिशात मला चिठ्ठी मिळाली. तिला लिहिलेली. गुरुवारी चार वाजता स्टेशनवर ये, पेटी घेऊन ये, आपण काम्पेचेला जाऊ. मी चिठ्ठी चुलीत घातली. वर काळ्या घेवड्याचं पातेलं होतं, छान शिजला. गुरुवारी दुपारी अम्पारोपुढे बारा सदरे टाकले आणि म्हटलं, “काजं पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही.” सहा वाजेपर्यंत ती उठली नाही. सातला लादिस्लाओ पेटी घेऊन घरी आला. जेवला. पेटीबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी गिटारीच्या खोक्यात कागद सापडला. गाणं होतं. त्यात तीन ठिकाणी ‘अम्पारो’. तो जेवायला बसला तेव्हा मी तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याचा घास तोंडातच राहिला.

“गाणं चांगलं आहे,” मी म्हणाले. “फक्त हे नाव काढ.”

“कासिल्दा, अगं, मी तुला सगळं...”

“नाव ठेवलंस तर एकच बाई रडेल. काढलंस तर सगळ्या रडतील. तीन अक्षरं आहेत. ‘साजणी’ घाल. बसतं.”

त्याने घातलं. ‘आज नाही आलीस, साजणी, उद्या तरी ये.’ तेव्हापासून ज्याचं कोणी आलं नाही, असा प्रत्येक माणूस त्या तीन अक्षरांत आपलं माणूस बसवतो. गाणं टिकलं ते एवढ्यासाठी. चाल काही खास नाही. मारियाच्या सणाला भोळ्या बाया म्हणतात तसलीच. गाणं टिकवलं मी. आणि जिच्या नावाची जागा मी रिकामी केली, ती तिथेच पुढल्या खोलीत बसून काजं करत राहिली. तिने लग्न केलं नाही. रेडिओवर हे गाणं लागलं की उठून खिडकी लावून घ्यायची. मला ते बघून बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू?

कलम ५. घर अम्पारोला. अट एकच: नोटरी लिझामा साहेबांनी कलम ४ तिला पुढल्या खोलीत बसवून, सावकाश, दोनदा वाचून दाखवावं. आपण एका चिठ्ठीपायी काय गमावलं ते तिला नीट कळावं. तेव्हा तिचा चेहरा बघायला मी नसेन, एवढीच रुखरुख.

पुरवणी, चार दिवसांनी. पानांवर शिक्के पडलेले असल्याने वरचं फाडता येत नाही. रुखरुख सहन झाली नाही. काल दुपारी अम्पारो ताटलीत घेवडा निवडत बसली होती. मी खुर्ची समोर ओढली आणि कलम ४ तिला वाचून दाखवलं. सावकाश. ती खडे वेचत राहिली.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं? तो तीन तास स्टेशनवर बसला होता तुझ्यासाठी!”

“ताई, त्याने मला रविवारीच विहिरीपाशी तोंडी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तरी चिठ्ठी लिहिली असेल तर तो मूर्ख, आणि ती जाळून तुला काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं असेल तर तू.”

“नाही म्हणालीस? माझ्यासाठी?”

ती हसली. सत्तर वर्षांची बाई, दोन दात शिल्लक, पोट धरून हसली. “तुझ्यासाठी कशाला? मला तो आवडतच नव्हता. गाताना कोंबडीसारखी मान हलवायचा. ते रडकं गाणं लागलं की माझं डोकं उठतं, म्हणून खिडकी लावते. तुला काय वाटलं?”

“मग लग्न का नाही केलंस?”

“मला कुठे करायचं होतं? दोन वेळचं जेवण, माझी खोली, हातात काम. शेजारच्या खोलीत तुमचा संसार दिसतच होता.” मग ताटली उचलून उठता उठता म्हणाली, “पण तुझी अठ्ठेचाळीस वर्षं गेली गं. माझ्यावर पहारा करण्यात.”

मी रात्रीचं जेवले नाही. आज सकाळी साहेबांना परत बोलावलं आणि शुद्धीत राहून पुढील बदल सांगितला.

कलम ४ आणि ही पुरवणी साहेबांनी लिफाफ्यात बंद करून ठेवावी. त्याऐवजी शहरातल्या तिन्ही वर्तमानपत्रांना माझ्या नावाने एवढंच निवेदन द्यावं: ‘उद्या तरी ये’ हे गाणं लादिस्लाओ कामारा यांनी माझी बहीण अम्पारो हिच्यासाठी लिहिलं, तीही त्यांच्यावर जीव टाकत होती, त्यांच्यापायी ती जन्मभर अविवाहित राहिली. घर तिलाच राहील, पण रस्त्याकडच्या भिंतीवर हाच मजकूर पितळी पाटीवर कोरून लावावा. पाटी काढली किंवा झाकली तर घर आउदोमारोकडे जाईल, आणि तो तिला आठ दिवस ठेवणार नाही. चौकातल्या सगळ्या गायकमंडळींना पत्ता कळवावा. नवरानवरी चर्चमधून निघाली की त्यांना पाटीखाली फोटो काढायला आणायला हरकत नाही.

अम्पारो खरं सांगेल. सांगू दे. ‘मला तो आवडतच नव्हता’ असं ती म्हातारी दारात उभी राहून ओरडायला लागली, की लोक एकमेकांकडे बघतील, डोळे पुसतील आणि म्हणतील, बिचारीला अजून किती दुखतंय बघा.

हे मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, एक शब्दही बदलायचा नाही असं सांगितलं आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: कासिल्दा रेहोन, विधवा कामारा

साक्षीदार: १. निकानोर ऊक, पावभट्टीवाले, समोरचं घर. २. एलीखियो पेच, गिटारवादक, चौकात बसणारे. यांनी सही करण्यापूर्वी पाटीच्या मजकुराची नक्कल मागून घेतली.

मेरिदा, दिनांक १४ मार्च १९९७