मीराबाईची डावी दाढ आणि पुलगावचा दवाखाना

मी, डॉ. प्रेमदास सुखदेव थूल, वय अडुसष्ट, धंदा पुलगावला दातांचा दवाखाना, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. अंगात त्राण उरलेलं नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून पाहण्यात वेळच झाला नाही.

१. नाचणगावचं घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नी मीराबाई हिच्या. तिच्या हयातीत घर विकायचं कोणी सुचवूही नये. हे पुण्याला राहणाऱ्या माझ्या मुलासाठी, नागसेनसाठी, लिहितो.

२. रोहण्याचं शेत नागसेनला. त्यानं वर्षातून एकदा तरी बांधावर जावं. फोटो मागवून शेत पाहता येत नाही.

३. दात उपटायचे चिमटे कोणालाही देऊ नयेत. त्यांचा मला वीट आला आहे.

४. माझं घड्याळ मदतनीस नत्थूला. रूट कॅनॉल झालं, ठणका थांबला, की तो पेशंटला दारातच सांगायचा, "दुखत नाई ना आता? मंग कॅप कापूस निंघाल्यावर बसवू." कापूस निघायचा, मग तूर, मग चणा, आणि आतून पोकळ झालेली दाढ एक दिवस उभी चिरायची. मी ऐकायचो, पण कधी टोकलं नाही. दोष माझा आहे.

५. कारण घरीही मी तेच केलं. मीराबाईच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल मीच केलं आणि कॅप पुढच्या आठवड्यावर ढकलली. घरच्या पेशंटचा नंबर कधी लागत नाही. आठ महिन्यांनी फुटाणे खाताना ती दाढ दुभंगली, मीच उपटली. "जाऊ द्या, तुमच्या मांगं गर्दी होती," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून ती डावीकडूनच चावते. मुलगी काजल तेव्हा बारावीत होती. तिनं सगळं पाहिलं.

६. पुढे काजल दातांची डॉक्टर होऊन माझ्याच दवाखान्यात काम करू लागली. मी दाढ चहूबाजूंनी तासून तिची खुंटी करायचो आणि वर टोपी, म्हणजे कॅप, बसवायचो. काजल किडका, कमजोर भाग तेवढा काढून चावायच्या बाजूवर सिरॅमिकचं बेताचं झाकण चिकटवायची. एकदा पेशंटसमोरच मी ओरडलो, "हे टिकत नाई!" ती म्हणाली, "बाबा, दाढ आधीच पोकळ झाली, तिले अजून काऊन तासून राह्यले?" त्यावर मी तिलाच दवाखान्यातून बाहेर काढलं. तिनं सिंदीला दवाखाना थाटला. चार वर्षं आम्ही बोललो नाही. माझ्या टोप्याही पुष्कळांच्या तोंडात शाबूत आहेत, हे नोंदवून ठेवतो. पण मध्यंतरी तिच्या हातची एक दाढ माझ्याकडे तपासायला आली, तर झाकण दाढेशी इतकं एकजीव झालेलं की त्याची कड मला सापडेना. त्या दिवशी मी लवकर घरी गेलो.

७. यंदा मीराबाईची डावी दाढही किडली. ही गेली तर तिला भाकर चावायला जागा नाही, आणि माझा हात आता कापतो. म्हणून तिला सिंदीला आणलं. रूट कॅनॉल काजलनंच केलं. आज झाकण बसतं आहे, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे.

८. पुलगावचा दवाखाना, खुर्चीसकट, काजलला. अट कुठलीही नाही. माफी मागायला मला जमत नाही. हे माफीऐवजी समजावं.

इथवर लिहिलं तोच काजल बाहेर आली. "आईचं झालं," म्हणाली. मी कागद पुढे केला. तिनं उभ्याउभ्याच वाचला आणि परत दिला.

"हे तुम्ही गेल्यावरचं झालं, बाबा. सोमवारपासून पुलगावले येऊ काय, तेवढं सांगा."

"येजो," मी म्हणालो.

सही: प्रेमदास सुखदेव थूल

वरील सही आमच्या देखत झाली. आम्ही दोघं याच बाकावरचे पेशंट.
साक्षीदार १: प्रमिलाबाई लोखंडे
साक्षीदार २: रूपराव झाडे (तोंड बधिर असल्यानं बोलले नाहीत, सही त्यांचीच)

स्थळ: सिंदी (रेल्वे), डॉ. काजल थूल यांचा दवाखाना
तारीख: ११ डिसेंबर २०२४