हीरो, जरा डावीकडं!

९ मार्च, रविवार

प्री-वेडिंग शूट उरकलं एकदाचं! हिप्परगा तलाव, भर ऊन, आणि काळ्या कोटात आमचे माढ्याचे आदिनाथराव. बघायला आला तेव्हा पूर्ण वेळ बसून होता, म्हणून उंची कळली नव्हती. आज कळली. फोटोग्राफरनं त्याला दगडावर उभं केलं!

"हीरो, जरा डावीकडं. हीरो, मान वर." शिवशरण फोटोग्राफर सगळ्याच नवरदेवांना हीरो म्हणतो. याला खरंच वाटलं – छाती काढून उभा! आपल्याकडे हीरो कुणाला म्हणतात? पोरगा बापाला उलटं बोलला – लई हीरो झालास काय? नवा शर्ट घातला – काय हीरो, कुटं? शहाण्या माणसाला कुणी हीरो म्हणत नाही. पण हे त्याला कोण सांगणार!

मग मला उचलून गोल फिरायचं होतं. मी काही जाड नाही. तरी घसरला, आणि बसला मांडी घालून चिखलात! कॅमेरा चालूच. मी पोट धरून हसले. "तुमाला लागलं न्हाय ना?" म्हणे. बावळट.

११ मार्च

शिवशरणकडून व्हिडिओ मागून घेतला आणि रील टाकलं. वर लिहिलं – आमचा हीरो! राजनंदिनीचा लगेच फोन – "पायल, काढ गं ते. लग्न व्हायचंय अजून." मैत्रीण कसली, जळते मेली.

१४ मार्च

माढ्यात पोचलं! साखर कारखान्यात कामाला गेला तर गेटवर शिट्ट्या – "आला, हीरो आला! चिखल निघाला का रं?" त्याच्याच चुलतभावानं फोन करून सांगितलं, आणि तोही खिदळत होता. आई म्हणते काढून टाक. का म्हणून? किती लाईक येतायत!

२ एप्रिल

सासूबाई साड्या बघायला आल्या होत्या. रीलबद्दल चकार शब्द नाही. माझ्या आप्पांनीच हात जोडले – "पोरगी अल्लड हाय, पोटात घाला." तर म्हणतात, "आमच्या आदिनाथला राग म्हणून न्हायच की. सोसतो."

म्हणजे कणाच नाही! बरं झालं. जन्मभर नाचवीन.

संध्याकाळी मीच फोन केला – रागावलात काय हीरो? म्हणाला, "न्हाय की. लग्न तर होऊ दे." गोड आहे तसा.

२२ एप्रिल

झालं लग्न. वरातीत त्याचेच मित्र "हीरो! हीरो!" ओरडत होते. हा सरळ समोर बघत बसला. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट.

२६ एप्रिल, माढा

माझा मोबाईल त्याच्याकडे आहे. मागितला, दिला नाही.

या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी 'अहो' म्हणत होते. आज सत्यनारायणाला सगळी भावकी जमली होती. यानं मला पदर घ्यायला लावून ओसरीवर बोलावलं. "अहो न्हाय. आजपास्नं हीरो म्हणायचं. म्हण – हीरो, जेवायला चला."

म्हटलं.

कुणी हसलं नाही. चुलतभाऊसुद्धा खाली बघत होता.

"ऐकू आलं न्हाय," नवरा म्हणाला. "मोठ्यानं."